सिगारची पेटी: उन्हाळ्यात कुरकुर, पावसात बुरशी

जून संपत आला की मला फोन येऊ लागतात. "पेटीत कापसासारखं काहीतरी आलंय." मार्च-एप्रिलमधले फोन वेगळे असतात. "बोटात धरला आणि पापडासारखा मोडला हो!" गंमत म्हणजे बहुतेक वेळा माणूस तोच असतो आणि पेटीही तीच. बिघाडही एकच असतो, फक्त तो वर्षातून दोनदा कूस बदलतो.

मी आयुष्यभर बोटीवर इंजिनियर होतो, आता पुण्यात असतो. महिन्याला एक सिगार ओढतो. हा आकडा डॉक्टर मुलीशी झालेल्या तहात ठरलाय, आणि तंबाखू वाईटच या मुद्द्यावर माझा तिच्याशी वाद नाही. पण महिन्याला एक म्हणजे २५ सिगारांची पेटी दोन वर्षं पुरते, आणि तेवढा काळ ती पुण्याच्या कोरड्या एप्रिलमधून आणि ओल्याकिच्च ऑगस्टमधून दोनदोनदा सुखरूप पार व्हावी लागते. स्वतःची पेटी सांभाळता सांभाळता मित्रांच्या, मेहुण्याच्या, मेहुण्याच्या साहेबांच्या पेट्या माझ्याकडे येऊ लागल्या. त्या दुरुस्त करताना जे कळलं ते इथे लिहितोय.

एक खुलासा आधी. हे सगळं हातानं वळलेल्या, लांब पानांच्या सिगारबद्दल आहे. डच पद्धतीचे छोटे कोरडे सिगार मिळतात ते कोरडेच ओढायचे असतात, त्यांना ह्युमिडॉर, म्हणजे ओल राखणारी ही पेटी, लागत नाही. तसे असतील तर पुढचं वाचायची गरज नाही.

लक्षणं

कोरडा पडलेला सिगार हलकेच दाबला की कुरकुरतो. वरचं पान टोकाशी चिरतं. सिगार आकसल्यामुळे कागदी पट्टी सैल होऊन गोल फिरते. पेटवला तर भराभर जळतो, धूर गरम येतो आणि जिभेला झोंबतो.

ओलावलेला सिगार दाबला तर दबलेलाच राहतो. ओढायला जड जातो, नळीत बोळा अडकल्यासारखा. सारखा विझतो, किंवा एकाच बाजूनं जळत जातो. कधी पेटवल्यावर मध्येच वरचं पान फाटतं. पान कोरडं पडलं असावं असं वाटून लोक पेटीत आणखी पाणी घालतात, पण अनेकदा आतली पानं ओलीनं फुगून वरच्या पानाला फाडत असतात.

बुरशी म्हणजे पांढरे, करडे किंवा हिरवट-निळे केसाळ ठिपके आणि पेटी उघडल्यावर कुबट वास. किडा म्हणजे टाचणीनं टोचल्यासारखी गोल भोकं आणि पेटीच्या तळाशी बारीक तपकिरी भुकटी.

पेटीतली आर्द्रता टक्क्यांत दाखवणाऱ्या काट्याचीही लक्षणं असतात. आठवड्याभरात ७० वरून ५५ वर घसरणं, पावसात ८० च्या घरात जाणं ही सगळ्यांना कळतात. पण काटा बारा महिने ७० वर खिळलेला असेल तर तो आजार अधिक वाईट. त्याबद्दल खाली येईलच.

अमोनियाचा उग्र वास येत असेल तर तो बहुधा दमटपणाचा प्रश्न नसतो. तंबाखू अजून कोवळी आहे, तिला थोडे महिने द्या.

पाणी नेमकं कुठे असतं

तपासण्या सांगण्याआधी एक हिशेब मांडतो. तो डोक्यात बसला की पुढचं निम्मं आपोआप कळेल.

साधारण १० लिटरची पेटी धरा. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅमच्या आसपास वाफ मावते. म्हणजे १० लिटर हवेत ०.३ ग्रॅम, आणि ७० टक्के आर्द्रतेला ०.२ ग्रॅम. पेटीतल्या सगळ्या हवेत मिळून एवढंच पाणी असतं, चार-पाच थेंब. आता त्याच पेटीतले ५० सिगार बघा. एकेक १० ग्रॅमचा धरला तर वजन अर्धा किलो, आणि त्यात साठ-सत्तर ग्रॅम पाणी. पेटीच्या लाकडात आणखी तेवढं किंवा जास्त.

म्हणजे टाकी आहे ती पानांत आणि लाकडात. हवा ही त्या टाकीची पातळी दाखवणारी काचेची बारीक नळी. झाकण उघडलं की काटा धाडकन पडतो आणि लोक घाबरतात, पण तेव्हा फक्त नळी रिकामी झालेली असते. झाकण नीट लागत असेल तर तासा-दोन तासांत पानं आणि लाकूड ती पुन्हा भरतात, टाकीला पत्ताही लागत नाही. उलट एकदा टाकीच उपसली गेली, किंवा पावसाळ्यात काठोकाठ भरली, तर काटा दोन तासांत जागेवर आणायच्या सगळ्या खटपटी वाया जातात. तिथे दिवस आणि आठवडे मोजायचे.

दुसरी गोष्ट. दुकानात मिळणाऱ्या पेट्यांची रीत थंड देशातली आहे. तिथे हिवाळ्यात घरं तापवतात, आतली हवा कोरडी होते, म्हणून पेटीच्या झाकणाला पाणी देणारा स्पंज लावलेला असतो. त्याला देणं तेवढं ठाऊक, घेणं ठाऊक नाही. पुण्यात एप्रिलच्या दुपारी बाहेरची आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास असते तेव्हा तो बिचारा उपयोगी पडतो. पण जुलैत बाहेर ८५-९० टक्के असताना तोच स्पंज भरून ठेवणं म्हणजे पुरात टँकर मागवणं. मुंबई, रत्नागिरी, पणजीत तर त्याला वर्षातले बरेच महिने रजाच द्यावी लागते. नागपूरकरांची तऱ्हा आणखी निराळी. मे महिन्यात बाहेर रखरखाट असला तरी वाळ्याचा कूलर चालू असलेल्या खोलीत हवा चांगलीच दमट असते. तेव्हा शहराचा हवामान अंदाज बघून काही ठरवू नका, पेटी ज्या खोलीत आहे तिथली हवा मोजा.

पहिली तपासणी: काहीच करू नका

खर्च शून्य. चोवीस तास पेटी उघडू नका. त्यानंतर झाकण न उचलता, काचेतून किंवा बाहेरच्या डिस्प्लेवर आकडा वाचा. काच नसेल तर उघडल्याबरोबर पहिल्या दोन सेकंदांत दिसेल तोच आकडा धरा. रोज एकाच वेळी वाचा, चार दिवस लिहून ठेवा. माझ्याकडे "बिघडलेल्या" म्हणून आलेल्या कितीतरी पेट्या इथेच बऱ्या झाल्या. मालक दिवसातून सहा वेळा उघडून बघत होते, एवढंच.

दुसरी: जागा

हीसुद्धा फुकट. पेटी फ्रीजवर आहे का? फ्रीजची उष्णता तिला बारा महिने भाजते. एसीच्या झोताखाली? स्वयंपाकघरात? खिडकीच्या उन्हात? आणि पावसाळ्यात सर्वात महत्त्वाचं म्हणजे बाहेरच्या भिंतीला टेकून आहे का? पावसाच्या माऱ्यानं ती भिंत गार होते, आणि पेटीतलं पाणी उबदार बाजूकडून गार बाजूकडे सरकतं. काटा समोर झाकणाला असतो, तो ६८ दाखवतो. मागचा कोपरा मात्र भिजत असतो आणि बुरशी तिथूनच सुरू होते. पेटी आतल्या भिंतीच्या कपाटात, मधल्या फळीवर, मागे चार बोटं जागा सोडून ठेवा. पुस्तकांत २० अंश वगैरे तापमान लिहिलेलं असतं. आपल्याकडे ते जमणार नाही, त्याचा ध्यास सोडा. २७-२८ अंश चालतात, फक्त आर्द्रता थोडी खाली ठेवायची, ६२ ते ६५. रात्री एसीनं २२ आणि दुपारी ३४, ही रोजची उडी मात्र वाईट.

तिसरी: काटा खरं बोलतोय का

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते, म्हणून जरा थांबून सांगतो.

पेटीबरोबर येणारा गोल पितळी काट्याचा हायग्रोमीटर आत एका स्प्रिंगवर चालतो. तो पाच-दहा टक्के चुकणं अगदी नेहमीचं. काही तर झाकणाला चिकटवलेली शोभेची वस्तूच असतात, वर म्हटलेला "बारा महिने ७०" वाला काटा तोच. माझ्या मेहुण्याचा काटा ६० दाखवायचा, म्हणून तो दर रविवारी स्पंज भरायचा. खरी आर्द्रता ७४ होती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. ऑगस्टमध्ये त्याचे अकरा सिगार बुरशीनं गेले.

खरं-खोटं करायला मीठ पुरतं. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या. थेंब थेंब पाणी घालून ते ओल्या वाळूसारखं करा. झाकण आणि हायग्रोमीटर शेजारी शेजारी झिपच्या पिशवीत ठेवा, मिठाचा स्पर्श यंत्राला होऊ देऊ नका, पिशवीत थोडी हवा राहू द्या आणि बंद करा. डिजिटल असेल तर बारा तास, स्प्रिंगचा असेल तर पूर्ण दिवस. आकडा ७५ यायला हवा.

७५ च का? मिठाचं संपृक्त द्रावण आपल्या भोवतीची बंद हवा ७५ टक्क्यांवर आणून ठेवतं. हवा जास्त ओली असेल तर पाणी ओढून घेतं, कोरडी असेल तर सोडतं. आणि तापमानाचा त्याला फारसा फरक पडत नाही. १० अंशांना ७५.७, ३० अंशांना ७५.१. इतकं स्वस्त आणि इतकं प्रामाणिक मापन दुसरं मला माहीत नाही. एकच चूक टाळा. पाणी जास्त होऊन सगळं मीठ विरघळलं तर प्रयोग फसतो, न विरघळलेले कण दिसत राहिले पाहिजेत.

७५ ऐवजी ७० आलं तर यंत्र ५ कमी दाखवतंय. मागे स्क्रू असेल तर जुळवा, नसेल तर मागे चिकटपट्टी लावून "+५" लिहा. फरक १० च्या वर असेल, किंवा दोन वेळा केल्यावर दोन वेगळे आकडे आले, तर यंत्र फेकून द्या. तीन-चारशे रुपयांत साधा डिजिटल मिळतो. हे झाल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण पुढचं सगळं याच आकड्यावर उभं आहे.

जवाहिऱ्याचा वजनाचा छोटा काटा घरी असेल तर आणखी एक खात्री करता येते. एक सिगार "साक्षीदार" म्हणून ठेवा, तो ओढायचा नाही. महिन्याला त्याचं वजन करा. १० ग्रॅमच्या सिगारमध्ये दोन-तीन दशांश ग्रॅमची वाढ दिसली की हवा काहीही सांगो, टाकी भरत चालली आहे हे नक्की.

चौथी: स्पंज, पाणी आणि घरगुती उपाय

जून ते सप्टेंबर स्पंज काढून बाहेर ठेवा. निम्म्या पेट्यांना एवढा एकच उपाय पुरतो.

स्पंज कोरड्या महिन्यांत वापरायचा तर डिस्टिल्ड वॉटरच. नळाच्या, त्यातून बोअरच्या पाण्यातले क्षार स्पंजच्या छिद्रांत साठतात. वर्षभरात तो दगड होतो आणि पाणी धरतो पण सोडत नाही. पाणी सुटावं म्हणून माणूस आणखी पाणी ओततो, मग ते सिगारवर ठिबकतं. केमिस्टकडे डिस्टिल्ड वॉटर मिळतं. इन्व्हर्टरसाठी मिळणारं डिस्टिल्ड वॉटरही चालेल, पण लेबल नीट वाचा. शेजारीच बॅटरीचं अ‍ॅसिड ठेवलेलं असतं. पाण्यात निम्मं प्रोपिलीन ग्लायकॉल (ओल धरून ठेवणारा एक द्रव) असेल तर स्पंज ७० च्या वर फारसा जात नाही आणि त्यात बुरशीही धरत नाही. ग्लायकॉल महिनोन्महिने टिकतं, नंतर भर घालायची ती नुसत्या पाण्याची.

घरगुती उपायांबद्दल थोडक्यात. सफरचंदाची फोड, बटाट्याची चकती: बुरशीला आमंत्रण. पावसाळ्यात ओल शोषायला तांदळाची पुरचुंडी: पीठ सांडतं आणि किडे येतात. बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या: लक्ष नसताना हवा पार कोरडी करून टाकतात, आणि निळ्या गोळ्यांच्या रंगात कोबाल्टचा क्षार असतो, तो तोंडात घ्यायच्या वस्तूजवळ नको.

माझा भरवसा दोन्ही बाजूंनी चालणाऱ्या पाकिटांवर आहे. बोवेदा या नावानं ती सर्वांना माहीत आहेत. आत क्षाराचं द्रावण, वर वाफ जाऊ देणारा पापुद्रा. मिठाच्या प्रयोगात आपण जे पाहिलं तेच. हवा कोरडी झाली तर पाणी देतात, ओली झाली तर घेतात. २५ सिगारांमागे ६० ग्रॅमचं एक. आर्द्रता किती टक्क्यांवर धरायची तो आकडा पाकिटावर असतो: चांगल्या बंद डब्यात ६५, गळक्या लाकडी पेटीत उन्हाळ्यात ६९, कोकणात ६२. पाकीट कडक होऊन आत खडे लागले की ते संपलं. पावसात ते पोळीसारखं टम्म फुगलं तर मात्र पाकिटाला दोष देऊ नका. ते सगळ्या खोलीची हवा सुकवायला बघतंय, म्हणजे पेटी गळतेय.

पाचवी: झाकण

दहा रुपयांची नोट झाकणाच्या कडेत धरून पेटी बंद करा आणि नोट ओढा. चारही बाजूंना, प्रत्येक बाजूला दोन-तीन ठिकाणी. नोट अडखळत आली तर ठीक, लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली तर फट आहे. मग रात्री खोलीत अंधार करून मोबाईलचा टॉर्च चालू ठेवून आत ठेवा आणि झाकण लावा. उजेडाची रेघ दिसली की हवेची वाटही तीच.

फटीचा हिशेब मघाच्याच आकड्यांवरून करता येतो. एप्रिलमध्ये आत ७० टक्के, बाहेर २० टक्के. पेटीतली हवा एकदा पूर्ण बदलली की ०.१५ ग्रॅम पाणी जातं, काहीच नाही. पण फटीमुळे दिवसातून दहा वेळा बदलली तर दीड ग्रॅम, महिन्याला पंचेचाळीस. ५० सिगारांच्या टाकीतला मोठा हिस्सा एका महिन्यात! ६० ग्रॅमचं एक पाकीट याला कुठवर पुरणार? पावसात हीच वाहतूक उलट्या दिशेनं होते. वेग कमी, पण चार महिने सतत.

फट फक्त कुलपाच्या बाजूला असेल तर आधी बिजागरीचे स्क्रू बघा. पुष्कळदा ते सैल असतात आणि छोट्या स्क्रू ड्रायव्हरनं काम भागतं. पावसाळ्यात घराची दारं फुगून घासतात तसं पेटीचं झाकणही फुगतं. तेव्हा घासकागद हातात घेऊ नका, नोव्हेंबरात ते आकसेल आणि घासलेल्या जागी कायमची फट राहील. रबराची चिकटपट्टीही नको, तिचा वास तंबाखू आनंदानं शोषून घेते.

इथे पहिला थांबा. झाकण वाकलं असेल, कोपऱ्याचा सांधा उकलला असेल, तर स्वतः फेव्हिकॉल भरू नका, चांगल्या सुताराकडे न्या. आणि त्याला तीनदा सांगा की आतून पॉलिश, वॉर्निश, रंग काही लावायचं नाही. माझ्या एका मित्राच्या पेटीला सुतारानं हौसेनं आतूनही पॉलिश मारून दिलं. पेटी सुरेख दिसते, त्यात आता पत्त्यांचे कॅट ठेवलेत. आतलं लाकूड बहुधा स्पॅनिश सीडर असतं. नाव सीडर असलं तरी ते देवदाराचं नव्हे, आपल्या कडुलिंबाच्या आणि महोगनीच्या कुळातलं झाड आहे. ते उघडं राहून पाणी घेत-देत राहतं म्हणूनच तिथे वापरतात. पॉलिश केलं की टाकीचं तोंडच बंद.

सहावी: लाकूड तहानलेलं आहे का

नवीन पेटीत सिगार ठेवले आणि पंधरा दिवसांत कोरडे झाले, तर चोर लाकूड आहे. कोरडं लाकूड सिगारांतलं पाणी पितं. पेटी रिकामी करा, आत ८४ टक्क्यांची दोन पाकिटं किंवा वाटीत डिस्टिल्ड वॉटर ठेवा, झाकण लावा आणि चौदा दिवस विसरा. ओल्या फडक्यानं आतून पुसायचा सल्ला अजून दिला जातो. मी तो मानत नाही. लाकडाचे रेशे उभे राहतात, फळ्या वाकतात, आणि वर लिहिलेला सुतार बोलवावा लागतो.

पण महिना बघा. मार्चमध्ये घेतलेल्या पेटीला हे हवंच. जुलैत घेतलेली पेटी दुकानातच पाणी पिऊन आलेली असते, तिला आणखी पाजलंत तर पंधरा दिवसांत बुरशी. पावसाळ्यात मी उलट करतो, रिकाम्या पेटीत ६५ ची पाकिटं ठेवून दोन आठवडे वाट बघतो.

सातवी: सरळ डबा

इथवर येऊनही आकडा स्थिर नसेल तर पेटीशी कुस्ती थांबवा. स्वयंपाकघराच्या भांड्यांच्या दुकानातून चारही बाजूंनी क्लिप लागणारा, सिलिकॉनची कड असलेला डबा आणा. दोनदा साबणानं धुवा, उघडा ठेवून दोन दिवस उन्हात वास जाऊ द्या. आत सीडरच्या दोन-चार फळ्या, ६५ चं पाकीट, हायग्रोमीटर. पंधरा दिवसांतून एकदा उघडून मिनिटभर हवा खेळू द्या. झालं.

मुंबईत आणि कोकणात मी पहिल्या दिवसापासून हेच सांगतो. डबा तीन-चारशेचा, पेटी कैक हजारांची, आणि जिंकतो डबा. लोकांना हे पटत नाही, कारण डब्यात शान नाही. मग मधला मार्ग काढा: आठवड्याचे चार सिगार पेटीत, बाकीचे डब्यात. किंवा पेटी लहान असेल तर अख्खी पेटीच मोठ्या डब्यात घाला. माझी गेली सहा वर्षं तशीच आहे.

बुरशी आधीच आली असेल तर

काही जाणकार पांढऱ्या पावडरीला "तेलांचा मोहोर" म्हणून मिरवतात. मी पाहिलेली प्रत्येक पांढरी पावडर बुरशीच निघाली, आणि मी तिला बुरशी समजूनच वागतो. केसाळ किंवा रंगीत डाग असलेला, किंवा पेटवायच्या टोकाशी पांढरं दिसणारा सिगार टाकून द्या, कारण तिथे दिसतंय म्हणजे आत पसरलेलं असतं. वरच्या पानावर एखादाच ठिपका असेल तर लोक पुसून ओढतात, मी ओढत नाही. दमा किंवा फुप्फुसाचा त्रास असलेल्यानं तर ही साफसफाईसुद्धा दुसऱ्याकडून करून घ्यावी.

रिकामी पेटी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. खिडकी उघडी, गॅस आणि काडेपेटी लांब. दोन-तीन दिवस वास पूर्ण जाईपर्यंत उघडी ठेवा. बाकीचे सिगार तोवर वेगळ्या डब्यात, दोन आठवडे नजरेखाली.

पेटीमागच्या भिंतीवर पोपडे, डाग किंवा काळी बुरशी असेल तर पेटीचा विषयच सोडा. दुसरा थांबा: वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलवा. भिंत ओली असताना पेटीत पाकिटं घालत राहणं म्हणजे दर महिन्याला पैसे गाळात.

भोकं दिसली तर

हा दोन-तीन मिलिमीटरचा तांबूस तपकिरी भुंगेरा. शास्त्रीय नाव लॅसिओडर्मा सेरिकॉर्ने. तंबाखूत लागतो, आणि आपल्या हळदीत, धण्यात, मिरचीपुडीतही हाच लागतो. माझ्या घरी तो आला तेव्हा आरोप सिगारवर झाला होता. मुक्काम निघाला वर्षाच्या मसाल्याच्या बरणीत. अंडी पानात आधीपासून असू शकतात. ३० अंशांच्या आसपास आणि दमट हवेत, म्हणजे आपल्या नेहमीच्या पावसाळ्यात, त्याची वाढ जोरात होते. २० अंशांखाली ती मंदावते. म्हणून थंड देशातल्या माणसाला जो किडा क्वचित दिसतो तो आपल्याला दिसतो.

भोक पडलेले सिगार फेका. बाकीचे दुहेरी झिपच्या पिशवीत, हवा दाबून काढून, फ्रीझरमध्ये. तापमान उणे १८ हवं. एका दाराच्या जुन्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा अनेकदा तितका थंड होत नाही, थर्मामीटर ठेवून बघा. तीन दिवस पुरतात असं म्हणतात, मी सात ठेवतो. मग एक दिवस फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, एक दिवस बाहेर, आणि या पूर्ण काळात पिशवी उघडायची नाही. घाई केली तर गार सिगारवर बाहेरच्या हवेतलं पाणी जमतं आणि पानं फाटतात. पेटीतली भुकटी ब्रशनं झाडून व्हॅक्यूम करा. कीटकनाशकाचा फवारा पेटीच्या आत कधीच मारायचा नाही, ते तुम्ही नंतर ओढणार आहात.

तिसरा थांबा: एकदा गोठवून, मसाल्याच्या बरण्या तपासूनही महिन्या-दोन महिन्यांत भुंगेरे पुन्हा दिसले, किंवा पुस्तकांच्या, कपड्यांच्या कपाटात दिसले, तर पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा. तो येईल त्या दिवशी सिगारचा डबा दुसऱ्याच्या घरी.

विजेवर चालणारं कपाट

वाईनच्या फ्रीजसारखी छोटी कपाटं आता बऱ्याच जणांकडे आहेत. एक प्रश्न नेहमीचा: आतल्या मागच्या भिंतीवर पाण्याचे थेंब. गार पत्र्यावर हवेतलं पाणी जमतं, निचऱ्याच्या भोकातून जातं, आणि आतली आर्द्रता तासातासाला झोके घेते. तुम्ही करायचं ते इतकंच: तापमान २० वर न आणता २३-२४ वर ठेवा, निचऱ्याचं भोक काडीनं मोकळं करा, दाराच्या रबरावर नोटेची परीक्षा घ्या, सिगार मागच्या भिंतीपासून लांब सरकवा. साधा घरचा फ्रीज मात्र या कामाला वापरू नका. तो हवा कोरडी करतो आणि सिगारला कालच्या भाजीचा वास लागतो.

याच्या पुढे पाना-पक्कड घेऊन मागचं झाकण उघडू नका. मी जन्मभर कॉम्प्रेसर उघडले, तरी घरच्या कपाटाला हात लावत नाही. आत गॅस आहे, काही कपाटांत तो ज्वलनशील असतो, आणि प्लग काढल्यावरही काही भागांत वीज शिल्लक राहते. थंडावा येत नसेल, कॉम्प्रेसर सारखा चालू-बंद होत असेल किंवा खाली तेलकट डाग दिसला तर प्लग काढा आणि फ्रीजच्या मेकॅनिकला फोन करा. तो यायच्या आधी सिगार क्लिपच्या डब्यात हलवा, कारण तो कपाट दोन तास उघडं ठेवणार आणि त्याच्या गॅसच्या टॉर्चचा धूर सगळ्या खोलीभर होणार.